प्रौढांचे स्विम डायपर: काय अडवतात, काय अडवत नाहीत

मोठ्या माणसांसाठी स्विम डायपर घेणाऱ्यांची निराशा बहुतेक वेळा एकाच गैरसमजातून होते. नावात 'डायपर' आहे म्हणजे तो लघवी शोषून घेईल, असं वाटतं. तो शोषत नाही आणि हा त्याचा दोषही नाही. जो कपडा घालून पाण्यात उतरायचं, त्यात शोषणारा थर घातला तर तो तलावाच्या पाण्यानेच भरेल, लघवीला जागा उरणारच नाही. म्हणून हा कपडा एकाच कामासाठी बनवतात: शी झाली तर ती मांडीच्या आणि कमरेच्या कडेतून बाहेर पडू नये. आम्हीही इथे त्याला त्याच कामावर जोखलं आहे. लघवीचं उत्तर कपड्यात कमी आणि वेळेच्या आखणीत जास्त असतं. त्याकडे पुढे येऊ.

घरात वापरायचा नेहमीचा डायपर पाण्यात नेला तर त्यातली सोडियम पॉलिअ‍ॅक्रिलेटची पूड स्वतःच्या वजनाच्या कितीतरी पट पाणी ओढते आणि तिची जेली होते. त्यात एक लिटर पाणी साठलं की कमरेला एक किलोचं ओझं लटकतं आणि शिडी चढताना डायपर घसरायला लागतो. कापड फाटलं तर जेलीचे कण पाण्यात पसरून फिल्टरपर्यंत जातात. मग स्विम डायपरच्या आत एखादा पॅड ठेवला तर? तरीही तेच होतं. शिवाय फुगलेला पॅड मांडीचं इलॅस्टिक त्वचेपासून उचलतो आणि त्या फटीतून शी बाहेर येते. जे काम नीट होत होतं, तेही बिघडतं.

आता प्रकार. एकदा वापरून टाकायच्या डायपरमध्ये ट्रँक्विलिटीचे 'स्विममेट्स' हे ओळखीचं नाव आहे. पुल-अपसारखे पायातून वर ओढायचे आणि काढताना दोन्ही बाजूंच्या शिवणी फाडायच्या. ही फाडायची सोय दिसते त्यापेक्षा खूप मोलाची आहे. ओली, भरलेली चड्डी दोन्ही पायांवरून खाली ओढत आणणं म्हणजे घाण घोट्यापर्यंत पसरवणं; बाजू उघडली की सगळं आतल्या आत गुंडाळून काढता येतं. उणीव अशी की टाकाऊ डायपरची कड मऊ असते. घट्ट शी ती धरते, सैल शी धरत नाही. एकटा घालून त्याच्यावर विसंबू नये. बॅगेतही ते बरीच जागा खातात. आणि शौचालयात टाकून पाणी सोडायचं नाही. पिशवीत गाठ मारून कचऱ्यातच.

धुऊन वापरायच्या कापडी चड्डीत आत पॉलिएस्टरची जाळी असते, बाहेर पीयूएल, म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर चढवलेलं कापड, आणि कमरेला व मांड्यांना रुंद, ताणणारी पट्टी. त्यातही दोन तऱ्हा: पायातून ओढायची आणि बाजूने उघडणारी. स्वतः उभं राहून कपडे बदलता येत असतील तर पहिली चालते. ज्यांना आडवं करून दुसऱ्या कुणाला बदलावं लागतं, त्यांनी दुसरीच घ्यावी, यात तडजोड नको. बाजूच्या बंदात टिचबटणं असली तर ती पाण्यात सैलावत नाहीत, पण माप ठरावीक टप्प्यांतच बदलतं आणि बोटांत ताकद कमी असेल तर ती लावणं जड जातं. व्हेलक्रोने माप हवं तसं बसवता येतं, पण त्यात वाळू, धागे, केस अडकले की पकड जाते आणि त्याची कडक कड कमरेला घासते. समुद्रावर जायचं असेल तर टिचबटणं, संधिवाताचे हात असतील तर व्हेलक्रो, असा आमचा कौल आहे.

तिसरी निओप्रीनची, म्हणजे फेसाळ, ताणणाऱ्या रबराची शॉर्ट्स. कड त्वचेला चिकटून बसण्यात हिची बरोबरी कापडी चड्डी करत नाही. जाड निओप्रीन ताणलं जातं आणि त्वचेला घट्ट धरून राहतं, म्हणून पाय हलवताना फट पडत नाही. याची किंमत मात्र दुसरीकडे मोजावी लागते: ओली झाली की काढायला दोन माणसांचे हात लागतात आणि एका रात्रीत ती वाळेल असं धरून चालता येत नाही.

शौचावर ताबा नसलेल्यांसाठी यातलं एकच काही पुरतं, असं आम्हाला वाटत नाही. आत बाजूने फाडता येणारा टाकाऊ डायपर, वर निओप्रीनची शॉर्ट्स, आणि त्यावर सैलसर गडद रंगाची नेहमीची पोहण्याची पँट किंवा झालरीचा स्विमसूट, ही जोडी सर्वांत भरवशाची आहे. बाळांसाठी काही तलावांवर दोन थरांचा नियम असतो, त्यामागचं तत्त्व हेच: आतला थर शी धरतो, बाहेरचा कडा बंद ठेवतो. ज्यांचा प्रश्न फक्त लघवीचा आहे, त्यांनी मात्र तलावाचा नियम मागत असेल तरच हा खर्च करावा. महागातली महाग चड्डीही लघवी पाण्यात मिसळण्यापासून रोखणार नाही. वेष्टनावर 'लीकप्रूफ' छापलेलं असलं तरी हा शब्द लघवीला लागू पडत नाही.

मापात बहुतेकांची चूक होते, तीही नेहमी एकाच बाजूला: सोयीचं म्हणून सैल घेतलं जातं. टेप तीन ठिकाणी लावा. बेंबीच्या रेषेत कंबर, नितंबांचा सर्वांत रुंद भाग, आणि जांघेलगत मांडी. तिसरं माप कंपनीच्या तक्त्यात नसेल तर विकणाऱ्याला विचारा, कारण गळती कमरेतून क्वचितच होते, मांडीतून होते. ज्यांच्या मांड्या बारीक झाल्या आहेत, जसं पाठीच्या कण्याच्या दुखापतीनंतर होतं, त्यांना कमरेच्या मापाने घेतलेली चड्डी मांडीला हमखास ढिली पडते. बसलेली चड्डी कशी ओळखावी? मांडीच्या पट्टीखाली एक बोट आडवं जावं, दोन जाऊ नयेत. काढल्यावर फिकट वळ दिसला तर चालेल. तो अर्ध्या तासात गेला नाही किंवा पाय बधिर झाला तर माप लहान आहे. ज्यांना तिथे संवेदना नाही त्यांनी डोळ्यांनी किंवा आरशात बघून खात्री करावी.

सुट्टीला निघण्याआधी घरी चाचणी घ्या. कोरडी चड्डी घालून दहा वेळा अर्धी बैठक मारा, खुर्चीत बसा-उठा, मग शॉवरखाली पाच मिनिटं उभे राहा. मागच्या बाजूला पाण्याचा फुगा झाला तर पाणी सहज आत-बाहेर करतंय, म्हणजे सैल शीही करेल. थोडं पाणी आत शिरणारच, त्याची काळजी नको. बाहेर आल्यावर मात्र दोन मिनिटं शॉवरमध्येच थांबून ते निथळू द्या. काठावर अचानक जी 'गळती' दिसते, ती पुष्कळदा हेच साठलेलं पाणी असतं, आणि त्या एका गैरसमजापायी लोक पोहणं सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं.

आता लघवी. पाण्यात उतरल्यावर लघवी जास्त लागते, हा मनाचा खेळ नाही. पाण्याच्या दाबाने पायांतलं रक्त छातीकडे सरकतं, शरीराला वाटतं द्रव वाढला, आणि मूत्रपिंडं जास्त लघवी बनवतात. पाणी गार असेल तर हा परिणाम वाढतो. म्हणून उतरण्याच्या पाच-दहा मिनिटं आधी शांत बसून मूत्राशय रिकामं करा, उठून उभे राहा, पुन्हा बसून राहिलेली काढा. पहिल्या दिवशी दर २० ते ३० मिनिटांनी बाहेर येऊन शौचालयात जा. कोरडे राहत असाल तर पुढच्या दिवसांत अंतर वाढवा. पाणी पिणं तोडू नका. घट्ट, पिवळी लघवी मूत्राशयाला टोचते आणि घाई वाढते, शिवाय बद्धकोष्ठ होऊन शौचाचा त्रास मागे लागतो. चहा, कॉफी आणि दारू तेवढी पोहण्याआधीचे दोन तास टाळा. लघवी क्लोरीनशी मिसळली की क्लोरामाइन तयार होतात. डोळ्यांची आग आणि तलावाचा तो उग्र वास बराचसा त्यांचाच असतो. म्हणून ही आखणी इतरांसाठीही आहे.

सर्वांत जास्त लाज लघवीमुळे वाटते ती पाण्याबाहेर, खोली ते तलाव या वाटेवर आणि आरामखुर्चीत. तिथे नेहमीचा पुल-अपच घाला आणि वरून टॉवेलचा झगा. पाण्याजवळच्या चेंजिंग रूममध्ये स्विम डायपर चढवा, बाहेर आलात की तो काढून पुन्हा पुल-अप. कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असेल तर पोहायचं की नाही हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. बाहेरून लावायचा कंडोम कॅथेटर असेल तर उतरण्यापूर्वी पायाची पिशवी पूर्ण रिकामी करा, आणि त्या भागाला तेलकट क्रीम अजिबात लावू नका, चिकटपट्टी सुटते.

शौचाच्या बाबतीत घड्याळ मदतीला येतं. जेवल्यावर आतडं आपोआप जोरात हलतं, म्हणून न्याहारीनंतरचा पहिला तास तलावात नाही, शौचालयाजवळ घालवा. रोज पोट साफ करण्याची जी वेळ व पद्धत घरी आहे, तीच सुट्टीत ठेवा. गुदद्वारात बसवायचा फोमचा प्लगही मिळतो. पेरिस्टीन या ब्रँडचा प्लग जास्तीत जास्त १२ तास ठेवता येतो. काहींना तो मुळीच सहन होत नाही, म्हणून प्रवासाच्या आधी डॉक्टरांना विचारून घरी वापरून पाहावा. जुलाब सुरू असताना कोणतीही चड्डी, कितीही थर, कशाचाही उपयोग नाही. त्या दिवशी पाण्यात उतरायचंच नाही. स्विम डायपर जंतू अडवत नाहीत. क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी नीट क्लोरीन असलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक तगतो, आणि त्याचे जुलाब थांबल्यावरही दोन आठवडे पोहू नये, असं अमेरिकेची सीडीसी ही सरकारी रोगनियंत्रण संस्था सांगते. मुलांचे स्विम डायपर दर तासाला तपासा, हाही तिचाच सल्ला. मोठ्यांनीही तोच पाळावा. आणि एवढं करूनही शी पाण्यात गेलीच तर गप्प राहू नका. लगेच जीवरक्षकाला सांगा. घट्ट शीनंतर क्लोरीन तपासून तलाव साधारण अर्ध्या तासात उघडता येतो. लपवलेल्या जुलाबाने अनेक माणसं आजारी पडतात.

गरम पाण्याच्या टबात आम्ही कुणालाच जा म्हणणार नाही, पाणी थोडं आणि माणसं जवळजवळ. घसरगुंड्याही नकोत, खाली आपटताना पाणी जोराने मांडीच्या कडेतून आत घुसतं. समुद्र तुलनेने सोपा, फक्त वाळू पट्टीत अडकून जांघ सोलते; बाहेर आल्यावर पट्टी उलटून गोड्या पाण्याची धार सोडा.

त्वचेला पोहण्याआधी डायमेथिकोनचं (एक प्रकारच्या सिलिकॉनचं) क्रीम अगदी पातळ लावा. जाड झिंक किंवा व्हॅसलिनचा थर निओप्रीनला घसरवतो, आणि नंतर पुल-अप घातल्यावर त्याच्या शोषणाच्या आड येतो. पोहून झालं की गोड्या पाण्याने क्लोरीन धुऊन काढा, टॉवेलने घासू नका, टिपा, मग पुन्हा क्रीम. लालसर, ओला चट्टा दिसला तर तो कोरडा पडेपर्यंत पाणी बंद.

सात दिवसांत रोज एकदा पोहायचं असेल तर निओप्रीनच्या दोन शॉर्ट्स आणि १४ टाकाऊ डायपर घ्या, दिवसाला एक वापराचा आणि एक अडचणीचा. सोबत काळ्या, वास न येणाऱ्या पिशव्या २०, मोठे वाइप्स, हातमोजे, पाणी न झिरपणारी चेन असलेली एक पिशवी, खुर्चीवर टाकायला जलरोधक चौकोन. एका दिवसाचं सामान विमानात स्वतःजवळच्या बॅगेत असू द्या, मोठी बॅग मागे राहिली तरी अडत नाही. खोली ठरवताना तलावापासून शौचालय किती पावलांवर आहे आणि चेंजिंग रूममध्ये आडवं होण्याइतका बाक आहे का, हे दोन प्रश्न फोनवर विचारून घ्या.

धुताना शी आधी शौचालयात झाडा, मग गार पाण्याने खळबळून साध्या साबणाने धुवा. फॅब्रिक सॉफ्टनर आणि ब्लीच दोन्ही वर्ज्य. पीयूएल कडक उन्हात किंवा गरम ड्रायरमध्ये सुटत जातं, क्लोरीन इलॅस्टिकला हळूहळू खातं, म्हणून पोहून आल्याआल्या विसळणं आणि सावलीत उलटी करून वाळवणं हाच टिकण्याचा उपाय. महिन्यातून एकदा मांडीची पट्टी ताणून सोडा आणि टेपने मोजा. ती आधीच्या मापावर परत आली नाही, तर बाकी चड्डी कितीही नवी दिसत असली तरी ती पाण्यात नेऊ नका.