खुब्याचा सांधा: सिरॅमिकवर सिरॅमिक की सिरॅमिकवर प्लास्टिक?

हिप रिप्लेसमेंट ठरलं आणि डॉक्टरांनी 'सिरॅमिक' म्हटलं की घरात कुणीतरी विचारतंच, "कपबशीसारखं फुटलं तर?" भीती खोटी नाही, पण ती बहुधा नको त्या तुकड्याची असते.

सांध्यात दोन तुकडे एकमेकांवर फिरतात. मांडीच्या हाडाकडचा गोळा (हेड) आणि वाटीतलं अस्तर (लायनर). गोळ्याची काळजी आता फारशी नको. ब्रिटनच्या सांधेरोपण नोंदणीतून २०१७ साली आलेले आकडे बघा. जुन्या पिवळसर ॲल्युमिना सिरॅमिकचे, म्हणजे बायोलॉक्स फोर्ट या ब्रँडचे, गोळे ०.११९ टक्के फुटले. झिर्कोनिया (आणखी एक सिरॅमिक) मिसळलेल्या नव्या, गुलाबी बायोलॉक्स डेल्टाचे फक्त ०.००९ टक्के. अस्तराचं मात्र जुनं ०.११२ आणि नवं ०.१२६, म्हणजे सुधारणा शून्य.

कारण अस्तर फुटण्यात मालापेक्षा बसवणाऱ्याचा हात मोठा. ते धातूच्या कपात जरा तिरकं बसलं की सगळा ताण एका काठावर येतो. उकिडवं बसताना गोळा ज्यावर बसवतात त्या, मांडीच्या हाडातल्या दांड्याची मान त्याच काठावर आपटू शकते. प्लास्टिकचं अस्तर असं आपटणं सोसतं, तडकत नाही. (मालही कधी दगा देतो म्हणा. एका फ्रेंच कंपनीनं भट्टीची पद्धत बदलली आणि तिचे झिर्कोनियाचे गोळे फुटायला लागले. २००१ मध्ये ते परत मागवावे लागले.)

प्लास्टिकचा दोष झिजण्याचा. जुन्याची भुकटी आजूबाजूचं हाड खायची. गेल्या पंचवीसेक वर्षांतलं क्रॉसलिंक्ड पॉलिथिलीन (रेणूंच्या साखळ्या एकमेकींना जोडलेलं प्लास्टिक) त्या मानानं फारच कमी झिजतं. दोन्हीकडे सिरॅमिक असेल तर झीज त्याहून कमी, पण काहींचा सांधा चालताना चक्क कुरकुरतो.

फुटलंच तर खरी परीक्षा दुसऱ्या ऑपरेशनची. बारीक कण कितीही धुतले तरी मागे राहतात. तिथे धातूचा गोळा बसवला तर ते कण त्याला घासून काढतात, धातूतलं कोबाल्ट रक्तात उतरतं आणि हृदयावर, नजरेवर परिणाम झालेले रुग्ण आहेत. बदली गोळा सिरॅमिकचाच हवा.

साठीपुढच्या माणसाला मी सिरॅमिक गोळा आणि क्रॉसलिंक्ड अस्तर सुचवेन. पस्तिशीत एव्हीएन (रक्तपुरवठा तुटून खुब्याचं हाड मरणं) झालेल्यानं सिरॅमिकवर सिरॅमिकचा विचार जरूर करावा, पण सर्जनला आधी विचारावं, "अशी अस्तरं तुम्ही वर्षाला किती बसवता?" आणि डिस्चार्जच्या वेळी इम्प्लांटचे स्टिकर मागून फाइलला लावून घ्यावेत. दहा वर्षांनी दुसऱ्या सर्जनला आत काय बसवलंय ते त्यावरूनच कळतं.