टॉमकॅटचं पॅरलल डिप्लॉयमेंट: सोय उत्तम, पण फाइलचं नाव जपून ठेवा

लॉगिन असलेल्या एकालाही बाहेर न काढता वेब अॅप्लिकेशनची नवी आवृत्ती चढवायची असेल, तर टॉमकॅट या जावा वेब सर्व्हरमध्ये आवृत्ती ७ पासून असलेली पॅरलल डिप्लॉयमेंटची सोय आधी वापरून बघा. वेगळं काहीच बसवावं लागत नाही. ‘बिलिंग##००१.वॉर’ (वॉर म्हणजे अॅप्लिकेशनची बांधलेली फाइल, ## नंतरचा भाग म्हणजे आवृत्ती) चालू असताना शेजारी ‘बिलिंग##००२.वॉर’ ठेवली की दोन्ही एकाच पाथवर, म्हणजे एकाच वेब पत्त्यावर, चालतात. जुनं सेशन (आधीपासून चालू असलेलं लॉगिन) असलेली रिक्वेस्ट जुन्या आवृत्तीकडे जाते, नव्याने येणारी नव्या आवृत्तीकडे.

घोळ होतो तो नावात. टॉमकॅट आवृत्तीची तुलना आकडे म्हणून करत नाही, अक्षरं म्हणून करतो. १.९.० नंतर १.१०.० चढवली की ‘१’ हे ‘९’च्या आधी येत असल्याने १.१०.० जुनी ठरते. डिप्लॉय यशस्वी, लॉगमध्ये एरर नाही, आणि नवे वापरकर्ते मात्र १.९.० वरच! पुढे शून्यं भरून १.०९.०, १.१०.० असं लिहा, नाहीतर सरळ बिल्डची तारीख-वेळ वापरा. मेव्हन या बिल्ड करणाऱ्या साधनाच्या टाइमस्टॅम्पमध्ये मुळात कोलन असतात आणि विंडोज ते फाइलच्या नावात घेत नाही. त्यामुळे साचा बदलून वर्ष-महिना-दिवस-तास-मिनिट असे नुसते आकडे ठेवा. आवृत्ती मॅनिफेस्टमध्येही (वॉरच्या आतल्या माहितीच्या फाइलमध्ये) हवीच, कारण फाइलचं नाव कोणीही बदलू शकतं. मेव्हनचं वॉर प्लगइन ती आपणहून लिहीत नाही, सेटिंग चालू करावं लागतं.

सगळी सेशन संपलेली जुनी आवृत्ती आपोआप काढणारं ‘अनडिप्लॉय ओल्ड व्हर्जन्स’ हे सेटिंग मुळात बंद असतं. चालू केलं तरी ऑटो डिप्लॉय (फोल्डरमध्ये नवी फाइल दिसली की आपोआप चढवणं) बंद असेल तर त्याचा काही उपयोग नाही, आणि प्रॉडक्शनवर ऑटो डिप्लॉय बहुतेक बंदच ठेवतात. मग टॉमकॅटच्या मॅनेजर पानावरून जुनी आवृत्ती हाताने काढा. दर मिनिटाला सर्व्हरला विचारणारा डॅशबोर्ड कोणाच्या ब्राउझरमध्ये उघडा राहिला, तर ते सेशन संपतच नाही आणि जुनी आवृत्ती तशीच मेमरी अडवून बसते.

दोन्ही आवृत्त्या एकाच जेव्हीएममध्ये (जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या प्रोसेसमध्ये) असतात, तेव्हा तिच्या मेमरीचे भाग, हीप आणि मेटास्पेस, त्या हिशोबाने वाढवा. अॅप्लिकेशनच्या आतलं शेड्युलर (ठरल्या वेळी कामं चालवणारा भाग) दोनदा चालतं, म्हणजे रात्रीचे मेलही दोनदा जातात. त्यावर डेटाबेसमधून लॉक लावा. डेटाबेस तर एकच, म्हणून कॉलमचं नाव थेट बदलू नका: या आवृत्तीत नवा कॉलम जोडा, जुना पुढच्या आवृत्तीत काढा.