द्राक्षमांडवाची तार ताणायला काय घ्यावं?

तासगाव भागात नवा वाय मांडव (इंग्रजी Y च्या आकाराचा) घालायचा म्हटलं की अँगल आणि तारेचा हिशेब सगळे सांगतात. तार ताणायची कशानं, ते मात्र वेल्डरवर सोडतात. मग घडांत पाणी भरलं की तारेला झोळ येतो.

पक्कडीनं पीळ मारायला पैसे लागत नाहीत. पण पिळताना जस्ताचा थर तडकतो, त्यावर बोर्डोच्या (मोरचूद-चुन्याच्या) फवारणीतलं तांबं बसतं आणि गंज तिथूनच धरतो. आमची एक ओळ ऐन फेब्रुवारीत, माल काढणीला आलेला असताना, अशाच गाठीतून सुटून खाली बसली. तेव्हापासून भार पेलणाऱ्या तारेला मी गाठ मारत नाही.

टर्नबकल म्हणजे दोन टोकांना बोल्ट असलेली, फिरवून तार ओढायची चौकट. तिला एकीकडं उजवे आटे, दुसरीकडं डावे. १२ मिमीच्या नेहमीच्या बोल्टला दोन आट्यांमधलं अंतर १.७५ मिमी, म्हणजे एका फेरीत तार ३.५ मिमी ओढली जाते. पहाटेपेक्षा दुपारी तार ३० अंशांनी तापली, तर ६० मीटरच्या ओळीत ती सुमारे २२ मिमी वाढते. सहा फेऱ्यांत भरून निघतं. इतकं बारीक जुळवणं रॅचेटला, म्हणजे तार गुंडाळायच्या दातेरी चक्रीला, जमत नाही, तिथं खटका दातादातानंच पुढं सरकतो. पण टर्नबकलचे आटे संपले की तार सोडून पुन्हा बांधा. रॅचेटच्या चक्रीवर हवी तेवढी गुंडाळा. फक्त पट्टी जाड बघून घ्या.

तिसरा पर्याय वायर जॉइनर, तारेची दोन टोकं जोडणारा तुकडा. शेफील्डच्या ग्रिपल कंपनीनं तो जगभर नेला. जस्ताच्या ओतीव तुकड्यात दोन निमुळत्या वाटा, प्रत्येकीत स्प्रिंग लावलेला रोलर. तार आत सरकते. मागं ओढली की रोलर अरुंद बाजूला जाऊन आवळतो. ओढ वाढेल तशी पकड वाढते. त्यामुळं सगळी मदार त्या वाटेच्या उतारावर. ओतकाम ओबडधोबड असलं की तार निसटते, म्हणून नवा माल आधी एका ओळीवर लावून बघाच. मापही तपासा: मधला आकार २ ते ३.२५ मिमी तार धरतो. १२ गेज (२.६४ मिमी) आरामात बसते, १० गेज (३.२५ मिमी) अगदी काठावर, ८ गेजला मोठाच लागतो.

मी टोकाच्या खांबांना रॅचेट लावीन, ओलांड्याच्या (वेलीच्या आडव्या फांदीच्या) तारेला टर्नबकल. जॉइनर डझनभर घरात ठेवीन, हंगामात मधेच तुटलेल्या तारेसाठी. मांडव न उतरवता ती जोडता येते. आणि ताण खरड छाटणी (माल काढल्यानंतरची छाटणी) झाल्यावर द्यायचा, वेल हलका असताना.