केनेडी स्पेस सेंटर, फ्लोरिडा: बाबांनी पाऊण तास फक्त इंजिनं बघितली

आई-बाबा यंदा आमच्याकडे अटलांटाला आलेत, म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत (डिसेंबर 2024) सगळी वरात ऑरलँडोला नेली. तिथून गाडीने तासाभरावर केनेडी स्पेस सेंटरचं व्हिजिटर कॉम्प्लेक्स आहे. तिकीट तेव्हा मोठ्या माणसाला 75 डॉलरच्या घरात होतं, वर टॅक्स, पार्किंग वेगळं. पाच जणांचा आकडा बघून बाबांनी मनातल्या मनात 85 ने गुणलं आणि एकदम गप्पच झाले. पैसे वसूल झाले का? आमचे तरी झाले, का ते सांगते.

पहिली गोष्ट, आत शिरल्या शिरल्या रॉकेट गार्डनमध्ये सेल्फी काढत बसू नका, आधी बस पकडा. आम्ही नेमकं उलटं केलं आणि मग लाइनीत उभं राहिलो, चूक आमचीच. बस तुम्हाला खऱ्या केनेडी सेंटरच्या आवारातून फिरवते. रस्त्याकडेच्या चरांमध्ये मगरी पडलेल्या असतात (माझा मुलगा पुढचे दोन तास रॉकेट सोडून मगरींबद्दलच बोलत होता), आणि मग ती व्हीएबी समोर येते, जिथे रॉकेट उभं करून जोडतात ती बिल्डिंग. 160 मीटर उंच, आणि मजले म्हणाल तर एकच! लांबून बघताना काही वाटत नाही, पण भिंतीवर जो झेंडा रंगवलाय त्याच्या एका पट्टीवरून आपली बस आरामात जाईल हे ऐकल्यावर डोकं गरगरतं. दरवाजे पूर्ण उघडायला पाऊण तास लागतो.

आत जाऊ देत नाहीत, ते बरोबरच आहे म्हणा, कारण आत तेव्हा नासाच्या आर्टेमिस-2 या चंद्रमोहिमेच्या बूस्टरचे (रॉकेटला सुरुवातीला जोर देणाऱ्या जोड-रॉकेटांचे) तुकडे एकावर एक चढवणं चालू होतं, नोव्हेंबरातच सुरू झालेलं. म्हणजे चार माणसांना चंद्राला फेरी मारून आणणारं रॉकेट आपल्यापासून त्या एका भिंतीपलीकडे उभं राहतंय, आणि आपण बसमध्ये चिप्स खातोय! तिथून लाँच पॅडपर्यंतचा रस्ता डांबरी नाही, नदीतल्या गोट्यांचा आहे, कारण क्रॉलर म्हणजे रॉकेट वाहून नेणारी 3000 टनांची अजस्र गाडी, तो वर रॉकेट घेऊन ताशी दीड किलोमीटरने सरकतो. आई म्हणाली, "यापेक्षा आपली पालखी लवकर पोचेल."

बस शेवटी सोडते अपोलो/सॅटर्न-5 सेंटरला, आणि खरा माल इथे आहे. आधी एका हॉलमध्ये 1968 च्या अपोलो-8 चं उड्डाण दाखवतात, कंट्रोल रूमची तीच जुनी कन्सोल, काउंटडाउन संपला की काचा थरथरतात, आईने माझा हात घट्ट धरला होता. मग दार उघडतं आणि तोंडासमोर पाच इंजिनं, डोक्यावर आडवं टांगलेलं 110 मीटरचं सॅटर्न-5, अपोलोच्या माणसांना चंद्रावर नेणारं रॉकेट.

बाबा विक्रोळीच्या कारखान्यात 34 वर्षं होते, शेवटी ब्रेझिंग-वेल्डिंगच्या शॉपमध्ये, म्हणजे धातू वितळवून जोड मारायचं काम. सगळे मून रॉकला, म्हणजे चंद्रावरच्या दगडाला, हात लावायला पळाले (लावा तुम्हीपण, लोकांच्या बोटांनी गुळगुळीत झालाय) आणि बाबा पहिल्या इंजिनाखालीच थांबले. म्हणाले, "अगं, हा पत्रा नाहीये, नीट बघ, नळ्या आहेत." खरंच की, नोझलचा (ज्यातून ज्वाळा बाहेर पडतात त्या तोंडाचा) वरचा भाग म्हणजे शेजारी शेजारी लावलेल्या बारीक नळ्या, भट्टीत ब्रेझिंग करून जोडलेल्या. इंधन आधी या नळ्यांतून फिरून नोझल थंड ठेवतं आणि मग जळायला जातं. इंधन कुठलं तर केरोसीन. आई म्हणे, "म्हणजे आपलं रॉकेल?" हो, शुद्ध केलेलं रॉकेलच, रॉकेटच्या सगळ्यात खालच्या, पहिल्या टप्प्यात साडेसात लाख लिटरच्या वर, आणि अडीच मिनिटांत खेळ खल्लास. या इंजिनात सुरुवातीला ज्वाळा हेलकावे खायची आणि इंजिन फुटायचं, मग इंजिनियर लोकांनी चालू इंजिनात मुद्दाम छोटे बॉम्ब फोडून बघितलं की ज्वाळा परत स्थिर होते का. हे मी बाबांना सांगितलं तर ते नुसते हसले, म्हणाले, "आमच्या साहेबांना सांगायला पाहिजे होतं."

आता मला जे सगळ्यात जास्त डोक्यात बसलं ते. एप्रिल 1968 ला सॅटर्न-5 ची दुसरी चाचणी झाली, अपोलो-6, ती चक्क बिघडली होती, रॉकेट गदागदा हललं, दुसऱ्या टप्प्याची दोन इंजिनं मधेच बंद पडली, तिसऱ्या टप्प्याचं परत सुरूच झालं नाही. आणि याच रॉकेटच्या पुढच्याच उड्डाणाला, डिसेंबरमध्ये, तिघांना बसवून चंद्राभोवती पाठवलं! याउलट आर्टेमिसचं आत्ताचं रॉकेट एसएलएस, नोव्हेंबर 2022 ला पहिल्याच फेरीत (आर्टेमिस-1, माणसांशिवाय) रॉकेट म्हणून झकास उडालं, सॅटर्नपेक्षा 15 टक्के जास्त जोर, पण परत येताना ओरायनच्या, म्हणजे माणसं बसायच्या कॅप्सूलच्या, हीट शील्डचे (उष्णतेपासून वाचवणाऱ्या कवचाचे) तुकडे निघाले, म्हणून आम्ही जायच्या तीन आठवडे आधी नासाने जाहीर केलं की माणसं घेऊन आर्टेमिस-2 उडणार ते एप्रिल 2026 ला. नवरा म्हणाला हे काय, मागे चाललेत का? मला तसं नाही वाटत. तेव्हा रशियाशी शर्यत होती, आता कोणी तसा जुगार खेळणार नाही आणि खेळूही नये. पण पैशाचं मात्र पटत नाही, नासाच्याच इन्स्पेक्टर जनरलने एका उड्डाणाचा खर्च 4.1 अब्ज डॉलर काढलाय, आणि ते अख्खं रॉकेट एकदाच वापरायचं.

परत आल्यावर अटलांटिस शटल बघा, चुकवू नका. बाबा अर्थातच मागच्या बाजूला. बराच वेळ बघून म्हणाले, "ही इंजिनं खरी वाटत नाहीत मला." तिथल्या एका स्वयंसेवक आजोबांना विचारलं तर ते खूश, म्हणाले बरोबर ओळखलंत, ही शोभेची आहेत, खरी काढून ठेवली ती एसएलएससाठी. 2011 च्या शेवटच्या फेरीत अटलांटिसला जी तीन होती त्यातली दोन आर्टेमिस-1 ला लावली आणि ती आता समुद्राच्या तळाशी. बाबांचा चेहरा पडला. इतकी वर्षं परत परत वापरलेलं इंजिन फेकून द्यायचं हे काही त्यांच्या गळी उतरेना, संध्याकाळपर्यंत तेच. त्यात भर म्हणजे मी त्यांना मोबाईलवर ऑक्टोबरमधला स्टारशिपचा, म्हणजे स्पेसएक्स कंपनीच्या रॉकेटचा, व्हिडिओ दाखवला, टेक्सासमध्ये टॉवरच्या हातांनी परत आलेला बूस्टर हवेत झेलला तो. तीनदा बघितला. चंद्रावर उतरायचं यान म्हणून नासाने त्याच स्टारशिपची सुधारित आवृत्ती निवडलीये, फक्त आधी अवकाशात त्यात टँकरने इंधन भरायचं जमलं पाहिजे.

बाकी किरकोळ: पूर्ण दिवस ठेवा, ज्येष्ठांना चालणं बरंच होतं. आम्ही धपाटे आणि दही गाडीतच ठेवलं होतं, दुपारी डिकी उघडून पार्किंगमध्ये पंगत. पाच वर्षांच्या आतल्या पोरांना फार कळणार नाही, त्यांना मगरी पुरतील. माझ्याकडून 5 पैकी 5.

गिफ्ट शॉपमध्ये बाबांनी काहीच घेतलं नाही. गाडीत बसल्यावर विचारलं, "एप्रिल 2026 म्हणजे माझा व्हिसा चालेल ना गं?"