कासवाच्या पिल्लाचं घर, सात महिन्यांनंतरचा अनुभव

सात महिने झाले, आता लिहायला हरकत नाही. आम्ही इंग्लंडमध्ये लेस्टरला राहतो, मागच्या नोव्हेंबरात हर्मन जातीच्या, म्हणजे जमिनीवर राहणाऱ्या कासवाचं पिल्लू घरी आणलं, वजन फक्त १४ ग्रॅम, मुलीने नाव ठेवलं गोटी. दुकानदाराने सोबत पूर्ण सेट दिला, वरून उघडी लाकडी पेटी, पिळाचा यूव्ही बल्ब आणि खाली अंथरायला सुक्या पेलेट्स (दाबून केलेल्या गोळ्या). त्याच्यावर विश्वास ठेवला आणि पहिला महिना वाया गेला याचं अजून वाईट वाटतं. गोटी दिवसभर कोपऱ्यात डोळे मिटून बसायची, पानाला तोंड लावायची नाही. शेवटी हवेतली ओल मोजणारा डिजिटल हायग्रोमीटर आणून ठेवला तर ह्युमिडिटी २८ टक्के!! बरोबर आहे, इथे हिवाळाभर हीटिंग चालू, घरातली हवा पापडासारखी कोरडी आणि वर आपण बल्ब लावलेला.

सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे नेलं, त्यांनी एकच गोष्ट सांगितली, पिल्लू वाळतंय. कासव म्हणजे कोरड्यातला प्राणी हा समज मोठ्यांच्या बाबतीतही अर्धाच खरा आहे, पिल्लं तर मुळं-माती-पाल्याच्या ओलसर जागेत दडून राहतात. कोरड्यात वाढली की कवचावरचे चौकोन टेकड्यांसारखे वर येतात, त्याला पिरॅमिडिंग म्हणतात आणि ते परत सपाट होत नाही. पूर्वी सगळे प्रोटीनला दोष द्यायचे, पण २००३ मध्ये सल्काटा या आफ्रिकन कासवाच्या पिल्लांवर झालेल्या अभ्यासात कोरड्या हवेचा परिणाम त्याहून मोठा दिसला.

मग सगळं बदललं. आता चारही बाजूंनी आणि वरून बंद पेटी, खाली साधी खत न घातलेली माती आणि कोकोपीट मिसळून चार इंच थर, त्यात कोपऱ्यातून पाणी ओततो म्हणजे खालचा थर ओला राहतो आणि वरचा जेमतेम दमट. ह्युमिडिटी ७५-८० वर स्थिर आहे. पण ओल असेल तर ऊब हवीच, गार आणि ओलं एकत्र आलं की छातीचा त्रास होतो, म्हणून दिव्याखाली ३३-३४ डिग्री आणि रात्री थर्मोस्टॅटवर सिरॅमिक हीटर. यूव्हीसाठी आर्केडियाची टी-फाइव्ह लांब ट्यूब पेटीच्या आत लावलीये, काचेतून यूव्हीबी (कॅल्शियम अंगी लागायला हवे असलेले उन्हातले किरण) येत नाही त्यामुळे खिडकीतल्या उन्हाचा या कामाला उपयोग नाही.

रोज सकाळी कोमट पाण्यात १५-२० मिनिटं बसवतो, पाणी हनुवटीच्या खाली. मान लांब करून ती गटगट पिते तेव्हा गळ्याची कातडी हलताना दिसते, ते बघायला मुलगी शाळेचे बूट घालून थांबलेली असते. प्यायच्या पाण्याला कुंडीखालची मातीची बशी, उथळ आणि खरखरीत, पाय घसरत नाही.

खाण्यात डँडेलियन, क्लोव्हर, जास्वंदीची पानं, फवारणी झालेली नाही याची खात्री असलेली. आई आली होती तेव्हा प्रेमाने पालक आणि केळं द्यायला निघालेली, तिला समजावलं की पालकातल्या ऑक्झलेटमुळे कॅल्शियम अंगी लागत नाही आणि फळं या जातीला मानवत नाहीत. कटलफिशचं हाड म्हणजे आपला समुद्रफेस, तो पेटीत कायम असतो, हवा तेव्हा कुरतडते.

आज वजन ४६ ग्रॅम, किचनच्या काट्यावर दर रविवारी बघतो. चौकोनांच्या मधे नव्या वाढीची फिकट रेघ आलीये, बोट फिरवलं तर सपाट लागते, पहिल्या महिन्यातला भाग मात्र किंचित उंच राहिलाय.

घ्यायचंच असेल तर इथे आर्टिकल १० सर्टिफिकेट (या जातीच्या कायदेशीर विक्रीचा परवाना) बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. आणि भारतातल्या मित्रांनो, स्टार कासव कुणी कितीही स्वस्तात देत असलं तरी घेऊ नका, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे आणि ते पिल्लू बहुतेक वेळा रानातून उचललेलं असतं.

ट्यूब उजेड देत राहते पण तिचा यूव्हीबी हळूहळू उतरतो, म्हणून वर्षाने बदलायची. तारीख पेटीच्या मागे मार्करने लिहून ठेवलीये.