क्रू सॉफ्टवेअर: आठ महिने ट्रॅकिंगच्या खुर्चीवरून

आमच्या विमान कंपनीने पायलट आणि केबिन क्रूच्या ड्यूट्या लावणारं सॉफ्टवेअर घेतलं. डेमोत सगळे भाळले ते ऑप्टिमायझरवर, म्हणजे ड्यूट्या कमी खर्चात बसवणाऱ्या भागावर. महिन्याभराच्या फ्लाइट्स ओतल्या की पेअरिंग (बेसवरून निघून बेसवर परतेपर्यंतच्या फ्लाइट्सची साखळी) तयार, त्यावरून रोस्टर, म्हणजे कोणाची ड्यूटी कधी हे वेळापत्रक, तयार. डेडहेड (क्रूने प्रवासी म्हणून केलेला प्रवास) कमी, हॉटेलच्या रात्री कमी, बिडमध्ये, म्हणजे पसंतीच्या अर्जात, मागितलेल्या सुट्ट्याही बऱ्याच जणांना मिळतात. हे सगळं खरं निघालं. प्लॅनिंगवाले खूश आहेत. पण मी बसतो क्रू ट्रॅकिंगला. रोस्टर प्रसिद्ध झालं की ते विस्कटायला लागतं, आणि तिथून पुढे ते माझ्या गळ्यात.

तिसऱ्या महिन्यातली एक पहाट. धुकं, दोन विमानं भलत्याच विमानतळावर उतरलेली, एका कॅप्टनची ड्यूटी संपायला सव्वा तास. रिकव्हरीचं, म्हणजे विस्कटलेलं रोस्टर पुन्हा बसवण्याचं, बटण दाबलं. नऊ मिनिटं चक्र फिरलं आणि स्टँडबायवरची (राखीव ठेवलेली) जी फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) सुचवली, तिला मी मधल्या वेळात फोन करून दुसऱ्या फ्लाइटवर पाठवलं होतं. वरातीमागून घोडं! उत्तर शोधणारा सॉल्व्हर बटण दाबलं त्या क्षणाचं चित्र धरून बसतो, नंतरचं त्याला दिसत नाही. वेंडरचं म्हणणं, ते असंच चालतं. आता आम्ही सगळं नेटवर्क त्याच्यापुढे टाकतच नाही. एकच बेस (क्रू जिथून ड्यूटी सुरू करतो ते विमानतळ), पुढचे सहा तास, एवढंच देतो. दीड-दोन मिनिटांत उत्तर येतं आणि बहुतेकदा चालतं.

डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेतल्या साउथवेस्ट विमान कंपनीची 16 हजारांहून जास्त उड्डाणं रद्द झाली, तेव्हाही बदलांच्या वेगापुढे सॉफ्टवेअर मागे पडलं होतं. आपण कुठे आहोत हे कळवायला क्रू तासन्तास फोन धरून बसला होता. त्याआधी 2004 च्या ख्रिसमसला कॉमएअर या अमेरिकन विमान कंपनीची क्रू सिस्टिम बंद पडली, कारण महिन्याला 32,768 बदलांपलीकडे तिला मोजताच येत नव्हतं. तुमची मर्यादा किती, असं मी वेंडरला विचारलं. उत्तर यायला दोन आठवडे लागले.

नियमांचं इंजिन, म्हणजे ड्यूटी नियमात बसते का हे तपासणारा भाग, मात्र चांगलं आहे, फक्त पहिल्या दिवसापासून डोळ्यांत तेल घालून तपासावं लागतं. 100 तासांची उड्डाणमर्यादा युरोपात सलग 28 दिवसांवर मोजतात, अमेरिकेत सलग 672 तासांवर. गुणाकार केला तर एकच. पण तासांची खिडकी दिवसाच्या मध्येही सुरू होते, म्हणून ती जास्त कडक. आमचं मॅन्युअल दिवसांवर आणि सेटिंग आलं तासांवर. नियमात बसणारे पायलट नियम मोडल्यासारखे लाल दिसत होते. उलटं असतं तर नियम मोडणारे सुटले असते आणि पत्ताही लागला नसता. नियम बदलायची सोय आपल्या हातात आहे की प्रत्येक वेळी वेंडरकडे तिकीट (बदलाची विनंती) टाकायचं, हे सही करण्याआधी विचारा. आमच्याकडे तिकीट टाकावं लागतं.

क्रूचं ॲप ठीक. वेळ मुळात यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, दाखवतं, त्यापायी पहिल्या महिन्यात दोन नो-शो झाले, म्हणजे क्रू ड्यूटीला आलाच नाही.

या बाजारात विक्रेते मोजके, पण मालक सारखे बदलतात. क्रू सॉफ्टवेअर बनवणारी स्वीडनची कार्मेन 2006 मध्ये बोइंगच्या जेपसेन या कंपनीकडे गेली. सेबर कंपनीचा असाच एअरसेंटर विभाग 2022 मध्ये कॅनडाच्या सीएईने घेतला. 2025 मध्ये बोइंगने जेपसेनच विकून टाकली. म्हणून आपला सगळा डेटा आपल्याला वाचता येईल अशा स्वरूपात परत मिळेल, हे करारात लिहून घ्या. आमच्या करारात ते कलम नाही.

कराराचं नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. या वेळी डेमोला त्यांचा नमुना डेटा नाही, त्या धुक्याच्या पहाटेचा आमचा डेटा द्यायचा, असं मी वर कळवून ठेवलंय.