ओटीसी असलेल्या मुलांसाठी सीटी, साधा एमआरआय की एमआरएस?

प्रोटीन मोडल्यावर तयार होणारा विषारी अमोनिया शरीर युरिया बनवून बाहेर टाकतं, ती युरिया सायकल. तिच्या जन्मजात आजारांत सगळ्यात जास्त सापडतो तो ओटीसी डेफिशियन्सी, म्हणजे ओटीसी नावाच्या एन्झाइमची कमतरता, त्यात अमोनिया साठतो. घरात कुणाला तो निघाला की आज ना उद्या मेंदूच्या स्कॅनचा विषय येतोच, आणि नक्की कोणता करायचा यावर सगळं अडतं.

सीटीचं आधी उरकून टाकू. मूल सारखं उलट्या करतंय, बरळतंय, हलवलं तरी जागं होत नाहीये, अशा वेळी आधी रक्तातला अमोनिया (सॅम्पल बर्फात ठेवून लगेच लॅबला) आणि स्कॅन लागलाच तर सीटी, कारण तो काही मिनिटांत होतो आणि सूज किंवा रक्तस्राव आहे का ते कळतं. सीटी नॉर्मल आला म्हणून अमोनियाची ट्रीटमेंट मात्र थांबत नाही हं. एरवी, मूल बरं असताना सीटी म्हणजे मला तरी फुकटचं रेडिएशन वाटतं.

साध्या एमआरआयला अर्धा-पाऊण तास जातो, रेडिएशन नाही. अमोनिया खूप चढून गेला असेल तर मेंदूच्या इन्सुला आणि सिंग्युलेट या भागांत दोन्ही बाजूंना सारखेच बदल दिसू शकतात. गोची होते ती सौम्य आजारात. ओटीसीचा जीन एक्स क्रोमोसोमवर असतो, त्यामुळे एकच कॉपी बिघडलेल्या कितीतरी मुली वरवर ठणठणीत असतात, त्यांचा एमआरआय स्वच्छ येऊ शकतो आणि तरीही प्लॅनिंग करणं, एका वेळी चार गोष्टी डोक्यात ठेवणं जड जातं, आणि मग घरचे म्हणतात रिपोर्ट तर नॉर्मल आहे, हिचंच लक्ष नसतं.

इथे माझं मत एमआरएसला (एमआर स्पेक्ट्रोस्कोपी). मशीन तेच, थोडा वेळ जास्त, पण फोटोऐवजी मेंदूतल्या रसायनांचा ग्राफ मिळतो. अमोनिया वाढला की मेंदूतल्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी त्याचं ग्लुटामिन करून टाकतात, ग्लुटामिन पाणी ओढतं, आणि फुगू नये म्हणून या पेशी आपल्यातलं मायो-इनोसिटॉल हे रसायन बाहेर सोडतात. ग्राफवर उजवीकडचा उंच सुळका एनएएचा (चेतापेशींमधलं एक रसायन), त्याला चिकटून डावीकडे ग्लुटामिनचा उंचवटा, तो वाढलेला आणि आणखी डावीकडे मायो-इनोसिटॉल खाली गेलेलं, असं चित्र असतं. वॉशिंग्टनच्या न्यूरॉलॉजिस्ट अँड्रिया ग्रोपमन यांच्या टीमने 2008 मध्ये लक्षणं नसलेल्यांमध्येही असे बदल दाखवले होते. फक्त रिक्वेस्टवर शॉर्ट टीई (टीई म्हणजे इको टाइम, स्कॅनचं एक सेटिंग) लिहून घ्या, लाँग टीईवर हे दोन्ही नीट दिसतच नाहीत. 3 टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीन मिळालं तर उत्तम, 1.5 वर ग्लुटामिन आणि त्याच्यासारखंच दुसरं रसायन ग्लुटामेट एकमेकांत मिसळून जातात.

डीटीआय (मेंदूतल्या जोडणाऱ्या तंतूंचा एमआरआय), फंक्शनल एमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग चालतो ते बघणारा), डोक्यावर टोपी घालून इन्फ्रारेड प्रकाशाने करायची एफएनआयआरएस, हे सगळं मुख्यतः रिसर्चमधलं, त्यावर औषधाचा डोस ठरत नाही. दातांना तारा असलेल्या टीनएजर्सचं अजून वेगळंच, धातूमुळे एमआरआयमध्ये कपाळामागचा भाग वेडावाकडा येतो, टोपीला तो प्रॉब्लेम नाही पण ती फक्त मेंदूचा वरचा थर बघते.

आणि भूल! लहान मूल स्थिर झोपत नाही म्हणून भूल द्यायची तर उपाशी ठेवतात, आणि या आजारात उपास म्हणजे शरीर स्वतःची प्रोटीन्स मोडायला लागतं आणि अमोनिया चढतो. अपॉइंटमेंट घेतानाच मेटाबॉलिक डॉक्टरांचं पत्र द्या, उपासाच्या वेळात ग्लुकोजचं सलाईन चालू हवं, नंबर सकाळचा पहिला मागा. जरा मोठी, सांगितलेलं ऐकून पडून राहणारी मुलं असतील तर हेडफोनवर गाणी लावून बिनाभुलीचं जमतंय का ते आधी विचारा.